अधिभार दिसला की आधी विचारा: कशावर आणि कोणाच्या अधिकाराने?

आर्णी तालुक्यातल्या एका तरुण व्यावसायिकाचा प्रश्न थोडक्यात असा: "माझे कृषी केंद्र आहे आणि भागीदारीत एक छोटी डाळ मिल आहे. यंदा चार कागदांवर अधिभार हा शब्द आला. मिलच्या वीजबिलात, ट्रान्सपोर्टवाल्याच्या बिलात, एन.ए. प्लॉट विकल्यावर सीएने काढून दिलेल्या आयकराच्या हिशेबात, आणि वडील सरपंच होते त्या काळातल्या लेखापरीक्षणाच्या नोटिशीत. हे सगळे एकच आहे का? कोणता भरावाच लागतो, कोणता नाकारता येतो? आणि मी माझ्या गिऱ्हाइकावर असा अधिभार लावू शकतो का?"

मी दारव्ह्याला वकिली आणि कर सल्ल्याचे काम करतो. कास्तकार, जिनिंगवाले, सोसायटीचे संचालक, ग्रामपंचायतीचे आजी-माजी पदाधिकारी अशा सगळ्यांचे कागद टेबलावर येतात, म्हणून या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर देतो.

अधिभार कधीच एकटा उभा नसतो. आधी एक रक्कम ठरलेली असते: कर, वीजदर, भाडे किंवा शुल्क. तिच्यावर काही कारणाने जास्तीची रक्कम चढवली जाते. म्हणून अधिभार दिसला की मी अशिलाला दोनच गोष्टी शोधायला लावतो. तो कशावर चढला, आणि कोणाच्या अधिकाराने चढला? सरकारी अधिभाराला कायद्याचे कलम लागते. वीजबिलातल्याला नियामक आयोगाची मान्यता लागते. व्यापारातल्याला दोन्ही बाजूंनी कबूल केलेली अट लागते. हा आधार सापडला तर पुढे फक्त आकडेमोड बरोबर आहे का एवढेच पाहायचे. नाही सापडला तर पैसे देण्याआधी लेखी विचारायचे.

तुमचे तीन कागद या चौकटीत बसतात. चौथा, म्हणजे वडिलांची नोटीस, वेगळ्या जातीचा आहे आणि तिथे उत्तराची मुदत चालू असते. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

जिल्हा परिषदेत आणि पंचायत समितीत 'भार-अधिभार' असा जोडशब्द तुम्ही ऐकला असेल. तो येतो स्थानिक निधी लेखापरीक्षेच्या कायद्यातून. हा कायदा १९३० सालचा, मुंबई इलाख्यातला, आणि आजही महाराष्ट्रात लागू आहे. इथे अधिभार हा कर नाही. सार्वजनिक निधीतून नियमाबाहेर खर्च झाला, किंवा कोणाच्या घोर निष्काळजीपणाने संस्थेचे नुकसान झाले, तर ती रक्कम त्या माणसाच्या नावावर टाकून त्याच्या खिशातून परत घेण्याची ही तरतूद आहे. इथे बोजा येतो तो थेट माणसावर, त्यामुळे 'कशावर?' या प्रश्नाची जागा 'कोणावर आणि का?' हा प्रश्न घेतो.

गावात अशी नोटीस आली की पारावर एकच बोलणे सुरू होते, "सरपंचानं पैसे खाल्ले." कायदा तसे म्हणत नाही, आणि हे मला अगदी ठासून सांगायचे आहे, कारण या गैरसमजापायी चांगली माणसे खचून जातात आणि नोटिशीला उत्तरच देत नाहीत. अधिभार लागायला चोरी सिद्ध व्हावी लागत नाही, हे खरे. पण त्याचा अर्थ असाही होतो, की अधिभाराची नोटीस म्हणजे चोरीचा आरोप नव्हे. ही पद्धत मुळात इंग्लंडची. लंडनच्या पॉप्लर भागातल्या नगर परिषदेने पहिल्या महायुद्धानंतर आपल्या सगळ्यात कमी पगाराच्या कामगारांना, बाई असो की पुरुष, आठवड्याला किमान ४ पौंड द्यायचे ठरवले. महागाई उतरली तरी पगार उतरवला नाही. लेखापरीक्षकाने जास्तीची रक्कम सदस्यांच्या नावावर टाकली आणि १९२५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ती कायम केली. त्या सदस्यांनी एक पैसाही घरी नेला नव्हता. खर्च अधिकाराच्या बाहेर गेला, एवढाच ठपका होता. इंग्लंडने २००० सालच्या कायद्याने स्थानिक सदस्यांवरचा हा अधिभार काढून टाकला. आपल्याकडे तो अजून आहे, तेव्हा त्याच्या नियमांनीच त्याला तोंड द्यावे लागते.

तुमच्या वडिलांच्या नोटिशीत दोन बाबी आहेत असे तुम्ही लिहिता: पथदिवे दरपत्रके न मागवता घेतले, आणि मुरूम रस्त्याच्या खर्चाला मोजमाप पुस्तिका नाही. या दोन्ही बाबी सारख्या धरू नका. पथदिव्यांच्या बाबतीत खरेदीची पद्धत चुकली असेल, पण दिवे गावात लागले, साठा नोंदवहीत चढले, आणि त्या काळच्या बाजारभावापेक्षा महाग नव्हते, हे दाखवता आले तर नुकसान कुठे झाले हा प्रश्न उभा राहतो. त्या महिन्यात त्याच मालाची दुसऱ्या ग्रामपंचायतीने केलेली खरेदी मिळाली तर फार उपयोगी पडते. रस्त्याचे तसे नाही. मोजमाप नसेल तर काम झालेच नाही असे लेखापरीक्षक धरतो, आणि मुरूम तर दोन पावसाळ्यांत वाहून जातो. तिथे शाखा अभियंत्याचे मूल्यांकन, कामाचे फोटो, मजुरांची हजेरी, ट्रॅक्टरवाल्याची बिले, काम पूर्ण झाल्याचा मासिक सभेचा ठराव, जे जे सापडेल ते गोळा करावे लागेल. माझा अनुभव असा, की रक्कम मोठी असणे हे अवघड नसते. कागद हाती नसणे हे अवघड असते.

कागद मिळवायचे कसे? वडील आता पदावर नाहीत, दप्तर दुसऱ्यांच्या ताब्यात आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (या पदाला पूर्वी ग्रामसेवक म्हणत) लेखी अर्ज देऊन रोकडवहीच्या, म्हणजे नमुना ५ च्या, त्या तारखांच्या पानांच्या प्रमाणित प्रती मागा. त्यासोबत प्रमाणके (व्हाउचर), ठरावांची पाने आणि साठा नोंदवही. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकार कायदा २००५ खाली अर्ज करा. तिथे ३० दिवसांची मुदत आहे. आणि नोटिशीला उत्तर देताना, "या नोंदी मी अमुक तारखेला मागितल्या आहेत, त्या मिळेपर्यंत मुदत द्यावी" असे लिहून अर्जाची पोच जोडा. मुदतीत काहीतरी लेखी गेलेच पाहिजे. गप्प बसले की नोटिशीतला आकडा जशाच्या तसा आदेशात उतरतो आणि मग वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी सुरू होते.

आणखी एक. ग्रामपंचायतीचा पैसा सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या सहीने निघतो. नोंदी ठेवणे हे तर ग्रामसेवकाचेच काम. नोटिशीत सगळी रक्कम एकट्या सरपंचाच्या नावावर असेल तर जबाबदारीची विभागणी कशी केली, असे उत्तरात विचारा. ज्याच्या नावावर रक्कम टाकायची, त्याच्या कोणत्या कृतीमुळे किंवा कोणत्या हयगयीमुळे नुकसान झाले, हे आदेशात यावे लागते. नुसते "त्या काळात सरपंच होते" एवढे पुरत नाही.

सहकारी सोसायटीच्या संचालकांनाही असाच प्रसंग येतो, फक्त वाट वेगळी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चे कलम ८८ हे त्याचे नाव. चौकशी अधिकारी नुकसानीची रक्कम ठरवून ती संचालकांवर, सचिवावर बसवतो, व्याजासह. विदर्भात सोसायट्या आणि पतसंस्था बुडाल्या तशा या चौकश्या घरोघरी पोहोचल्या. ज्या संचालकाने सभेत विरोध नोंदवून घेतला होता त्याची बाजू तिथे भक्कम असते. म्हणून मी प्रत्येक नव्या संचालकाला सांगतो, की पटत नसेल ते तोंडाने बोलून थांबू नका, इतिवृत्तात लिहून घ्या.

आता वीजबिल. तुम्ही ज्याला इंधन अधिभार म्हणता त्याचे बिलावरचे नाव 'इंधन समायोजन आकार' असे असते. वीजदर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ६२(४) नुसार दर वर्षातून एकदाच बदलता येतो, पण कोळशाच्या आणि वीजखरेदीच्या खर्चातला चढउतार ठरलेल्या सूत्राने मधल्या काळात वसूल करायला त्याच कलमात मोकळीक दिली आहे. म्हणून तो युनिटवर, पैशांत लागतो आणि महिन्यागणिक बदलतो. कंपनीने मनाने लावला असे त्यात नसते, पण तो कोणत्या महिन्याच्या वापरासाठी आहे आणि तुमच्या वर्गवारीला कोणता दर मंजूर आहे, हे ताडून पाहता येते. डाळ मिलची वर्गवारी औद्योगिक आहे. एका मिलचे बिल चुकून व्यावसायिक वर्गवारीत जात होते. मूळ दरच चुकल्यामुळे त्याच्यावरचे सगळे चुकत गेले. म्हणून अधिभाराची ओळ पाहण्याआधी वर्गवारी पाहा.

दुसरी ओळ विलंब आकाराची. देय तारखेनंतर भरले की बिलाच्या रकमेवर १.२५ टक्के लागतात, आणि ते कर-शुल्कासकट पूर्ण रकमेवर. ४०,००० रुपयांच्या बिलावर एक दिवस उशीर झाला तरी ५०० रुपये. पुढे थकबाकी राहिली तर व्याज वेगळे. तिसरी गोष्ट मिलवाल्यांच्या ध्यानात येत नाही: करारातल्या मागणीपेक्षा जास्त भार ओढला तर जास्तीच्या भागाला मागणी आकार दीडपट लागतो. तुरीच्या हंगामात दोन मोटारी एकदम चालू केल्या की हे घडते. ज्यांचे बिल दर हंगामात असे वाढते त्यांनी मागणी वाढवून घेण्याचा अर्ज करावा, किंवा मोटारी थांबून-थांबून सुरू कराव्यात.

बिल पटत नसेल तर न भरता बसू नका. त्याच अधिनियमाच्या कलम ५६ मध्ये चांगली सोय आहे. मागितलेली रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यातली जी कमी ती हरकत नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस लागतेच. आणि रक्कम पहिल्यांदा देय झाली त्यापासून दोन वर्षे उलटली आणि ती थकबाकी म्हणून बिलात सतत दाखवली गेली नसेल, तर कलम ५६(२) प्रमाणे ती वसूल करता येत नाही. तक्रार आधी ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे, तिथे समाधान झाले नाही तर विद्युत लोकपालाकडे. आपल्याला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, लोकपाल नागपूरला आहेत.

मोठ्या सूतगिरण्या आणि कारखाने बाहेरून वीज घेतात तेव्हा त्यांना कलम ४२ खाली क्रॉस सबसिडी अधिभार आणि अतिरिक्त अधिभार लागतो. शेतीपंपाची वीज स्वस्त ठेवण्यासाठी उद्योगांकडून जे जास्त घेतले जाते, ते ग्राहक बाहेर गेल्यावर बुडू नये, हा पहिल्याचा हेतू. स्वतःच्या वापरासाठी स्वतःचा वीजप्रकल्प असलेल्यांना अतिरिक्त अधिभार लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात डिसेंबर २०२१ मध्ये ठरवले. तुमच्या मिलला आज याचा संबंध नाही.

आयकराचे बघू. तुमची डाळ मिल भागीदारी संस्था आहे. तिचे करपात्र उत्पन्न १ कोटीच्या वर गेले तरच करावर १२ टक्के अधिभार. तेवढे नाही, म्हणजे मिलला अधिभार नाही. तुमच्या स्वतःच्या हिशेबात तो आला, कारण प्लॉटमुळे तुमचे वैयक्तिक उत्पन्न यंदा ५० लाखांच्या पुढे गेले. व्यक्तीला ५० लाखांच्या वर १० टक्के, १ कोटीच्या वर १५ टक्के, २ कोटींच्या वर २५ टक्के असे टप्पे आहेत. हे टक्के करावर लागतात, उत्पन्नावर नाही. फोनवर रडकुंडीला येऊन "साहेब, उत्पन्नाच्या दहा टक्के अजून गेले" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी आधी हेच सांगतो. दीर्घकालीन भांडवली नफ्यावरचा अधिभार तर १५ टक्क्यांच्या वर जातच नाही.

दुसरी गोष्ट मार्जिनल रिलीफची, आणि ती तुमच्या सीएच्या हिशेबात आहे का हे नक्की पाहा. सोपे जावे म्हणून सगळे उत्पन्न नेहमीच्या स्लॅबचे धरतो आणि आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीचे दर घेतो. ५० लाखांवर कर होतो १०,८०,००० रुपये, अधिभार शून्य. ५१ लाखांवर कर ११,१०,००० आणि त्यावर १० टक्के अधिभार १,११,०००, म्हणजे १२,२१,०००. उत्पन्न वाढले १ लाख आणि कर वाढला १,४१,०००. असे होऊ नये म्हणून कायदा म्हणतो, की वाढीव कर वाढीव उत्पन्नापेक्षा जास्त असू नये. त्यामुळे ४१,००० रुपये कमी होतात आणि रक्कम ११,८०,००० वर थांबते. तिच्यावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर ४७,२००. उपकर नेहमी कर आणि अधिभार यांच्या बेरजेवर लागतो.

उपकर आणि अधिभार यांतला फरक तुम्ही विचारला नाही, पण तो कळलेला बरा. उपकर एका ठरलेल्या कामासाठी गोळा होतो. अधिभाराला असे बंधन नसते. संविधानाच्या कलम २७१ ने संसदेला केंद्राच्या गरजेसाठी काही करांवर अधिभार वाढवायचा अधिकार दिला आहे. ते सगळे पैसे केंद्राकडेच राहतात, राज्यांच्या वाट्यात येत नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाने वाटपायोग्य करांतला ४१ टक्के हिस्सा राज्यांना ठरवला, पण अधिभार आणि उपकर त्या वाटपाच्या बाहेर आहेत. मला हे चुकीचे वाटते. दर वाढवायचाच असेल तर मूळ कराचा वाढवावा, म्हणजे राज्याला आणि राज्यातून जिल्ह्याला त्याचा वाटा मिळेल. जीएसटीवर मात्र कलम २७१ चा अधिभार लावता येत नाही, २०१६ च्या घटनादुरुस्तीने तो वगळला आहे.

अडचणीच्या काळात अधिभार लावून नंतर तो काढून घेतल्याचे चांगले उदाहरणही आपल्या देशात आहे. बांगलादेशातून निर्वासित आले तेव्हा १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर ५ पैशांचे जादा तिकीट लावणे सक्तीचे झाले. ३१ मार्च १९७३ ला ते संपले. कारण स्पष्ट, रक्कम लहान, मुदत संपली की बंद. अधिभार असाच असावा.

कास्तकाराने ज्याची पावती कधीच पाहिली नाही, पण जो त्याच्या कापसाच्या भावाला लागतो, असाही एक अधिभार आहे. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात आयात कापसावर ५ टक्के सीमाशुल्क आणि ५ टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर बसला. या १० टक्क्यांवर १० टक्के समाज कल्याण अधिभार, म्हणजे १. एकूण ११ टक्के. १९ ऑगस्ट २०२५ पासून सरकारने कापसाची आयात शुल्कमुक्त केली, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. मूळ शुल्क गेले की त्यावरचा अधिभार आपोआप गेला, त्याच्यासाठी वेगळे काही करावे लागले नाही. पण ऐन वेचणीच्या तोंडावर परदेशी गाठींवरचा ११ टक्क्यांचा बोजा उतरला. यवतमाळ-वर्ध्याच्या कास्तकाराला त्या हंगामात हमीभावाच्या केंद्राकडे का पाहावे लागले, त्याचे एक कारण या आकड्यात आहे.

प्लॉटच्या खरेदीखतात मुद्रांक शुल्काबरोबर जिल्हा परिषदेचा १ टक्का अधिभार लागला असेल. तो जिल्हा परिषद अधिनियम १९६१ खालचा आहे आणि रीतसर आहे. रूढीप्रमाणे तो खरेदीदार भरतो.

ट्रान्सपोर्टवाल्याचा डिझेल अधिभार हा करारातला. अकोल्याला किंवा नागपूरला माल पाठवताना ठरलेल्या भाड्यात डिझेल वाढले तर जास्तीचे द्यायचे, असे आधी ठरले असेल तर द्यावे लागेल. नुसते बिलावर छापून आले म्हणून नाही. ठरवताना चार गोष्टी लिहून घ्या: भाडे ठरले त्या दिवशीचा डिझेलचा भाव, भाड्यात डिझेलचा वाटा किती धरला, भाव कोणत्या तारखेला पाहायचा, आणि डिझेल उतरले तर भाडेही उतरेल की नाही. समजा भाडे २०,००० रुपये, डिझेलचा वाटा ४० टक्के, आणि भाव ९० वरून ९९ झाला. भाव वाढला १० टक्के, पण भाडे वाढते ४ टक्के, म्हणजे ८०० रुपये. बिलात २,००० रुपये लावले असतील तर त्याने पूर्ण भाड्यावर १० टक्के धरले आहेत. हा हिशेब कागदावर मांडून दाखवला की बहुतेक ट्रान्सपोर्टवाले ऐकतात. त्यांनाही वर्षभर तुमचा माल हवा असतो.

हा अधिभार भाड्याचाच भाग असतो, हे जीएसटीसाठी महत्त्वाचे. वाहतुकीवर तुम्ही उलट आकारणीने, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याऐवजी स्वतः, ५ टक्के भरत असाल तर तो २०,८०० वर भरायचा, २०,००० वर नाही. तपासणीत हीच तफावत पहिल्यांदा निघते.

आता तुमचे गिऱ्हाईक. खताच्या गोणीवर छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. खत नियंत्रण आदेश १९८५ तसे स्पष्ट सांगतो. ४५ किलो युरियाची गोणी २६६.५० रुपयांना आहे, तर हमाली, गाडीभाडे, उधारी, टंचाई, यातले कोणतेही नाव देऊन वर काही लावणे म्हणजे परवाना धोक्यात घालणे. गोणी वावरापर्यंत पोहोचवून दिली तर त्या वाहतुकीचे पैसे गिऱ्हाइकाने मागितल्यावर, वेगळ्या पावतीवर घेता येतील. दुकानातून नेणाऱ्याकडून नाही. साठा आणि भावाचा फलक दर्शनी लावणे आणि प्रत्येक विक्रीचे बिल देणे हेही त्याच आदेशात आहे. कीटकनाशके आणि इतर पॅकबंद मालाला वैधमापनाचे २०११ चे नियम लागतात. छापील किंमत सर्व करांसहित असते, तिच्यावर "जीएसटी वेगळा" असे म्हणता येत नाही.

कार्डाने पैसे देणाऱ्याकडून २ टक्के जास्त घेण्याची रीत आपल्या बाजारपेठांत सर्रास दिसते. डेबिट कार्डाचा खर्च गिऱ्हाइकावर टाकू नये, असे रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकात बँकांमार्फत दुकानदारांना बजावले आहे. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवर तर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्कच नाही, मग वसूल काय करणार? क्रेडिट कार्डाबाबत तुमच्या बँकेने मशीन देताना जो करार केला तो वाचा, त्यात बहुधा मनाईच असते.

उरली उधारी. पेरणीला माल नेऊन कापूस विकल्यावर पैसे देणारे गिऱ्हाईक हा आपल्या धंद्याचा कणा आहे, आणि उशीर झाला तर काहीतरी लावावे असे तुम्हाला वाटणे साहजिक आहे. पण छापील किमतीच्या मालाचा उधारीचा भाव वेगळा आणि नगदीचा वेगळा, असे करू नका. उशिराचे व्याज घ्यायचे तर दर आणि तारीख बिलावर आधी छापा आणि गिऱ्हाइकाची सही घ्या. करार कायदा १८७२ च्या कलम ७४ नुसार न्यायालय वाजवी तेवढेच देते, वाट्टेल तो दंड लिहिला म्हणून मिळत नाही. दर ठरवताना २०१४ च्या सावकारी कायद्याखालचे दर समोर ठेवा: शेतकऱ्याला तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२ टक्के, आणि व्याज मुद्दलापेक्षा जास्त नाही. हा कायदा विदर्भातल्या कर्जबाजारी कास्तकारांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर आला. तुम्ही सावकार नाही, तुमचा व्यवहार मालाचा आहे, पण महिन्याला ३ टक्के लिहिलेली वही घेऊन मी कोणत्याही अशिलाच्या बाजूने उभा राहणार नाही.

आणि असे व्याज किंवा विलंब शुल्क प्रत्यक्ष मिळाले, तर केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १५(२)(घ) नुसार ते मालाच्या किमतीतच धरले जाते आणि त्याच दराने कर लागतो: खताच्या उधारीवर ५ टक्के, बियाण्यावर काही नाही, कारण बियाणे करमुक्त आहे. एकाच बिलात दोन्ही माल असेल तर व्याजाची विभागणी करून डेबिट नोट, म्हणजे वाढीव रकमेचे पूरक बिल, काढा. कर त्या महिन्यात भरायचा ज्या महिन्यात व्याज हातात पडले, बिल केले त्या महिन्यात नाही.